वाजवून घेतलेलं जाकीट

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी नवीन पनवेलमधल्या एका सिक्युरिटी एजन्सीच्या कार्यालयात पूजेचा नारळ फोडताना बुलेटप्रूफ जाकिटातली प्लेट फुटली. नारळ फुटला नाही. त्या वेळी तिथे एजन्सीचे मालक, त्यांचे गार्ड आणि बँकेच्या एक अधिकारी बाई हजर होत्या. नारळ हाणणारे गृहस्थ एजन्सीचे कोणी नव्हते. ते खांदा कॉलनीतले माझे घरमालक होते.

बोटीने आलेल्या मालाची तपासणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. उरणच्या बाजूला बंदरात उतरलेला माल भिजला, फुटला, कुजला किंवा कमी भरला, की विमा कंपनीच्या वतीने तो पाहून अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर बंदर सुटलं, तपासणी सुटली नाही. कॉलनीत त्यांना सर्व्हेअरकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका.

काका प्रत्येक वस्तू वाजवून पाहत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर ते त्यासाठी वापरत. कलिंगड, मडकं आणि नारळ सगळेच वाजवतात. काका दरवाजे, गॅस सिलिंडर, शेजाऱ्यांनी आणलेला नवा फ्रिज आणि सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही वाजवत. पेणहून गणपतीची मूर्ती आणायला गेले की पाठीमागून तिच्यावर टिचकी मारत. मूर्तिकार एकदा म्हणाला, "काका, देव आहे तो."

"अजून नाही," काका म्हणाले. "प्रतिष्ठापना उद्या आहे."

त्यांचं लग्न ठरलं तेव्हाची हकिगत काकूंनी मला अनेकदा सांगितली. काका मुलगी पाहायला गेले. चहा आला. त्यांनी कप उचलला, पेराने वाजवला आणि होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "याला कानापाशी तडा आहे, वापरू नका." कप तिसऱ्या दिवशी फुटला. "माझ्याकडे त्या दिवशी त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही," काकू म्हणत. "म्हणून तर मी पास झाले."

काकू शाळेत शिक्षिका होत्या. काकांनी वाजवून पाहिलेल्या गोष्टीवर नंतर दुसरा शेरा त्यांचा असे.

खोली भाड्याने घ्यायला मी गेलो तेव्हा काकांनी माझं कपाट, माझं हेल्मेट आणि बूट तपासले. मग विचारलं, "वर्तमानपत्रात आहात म्हणजे नेमकं काय करता?" मी म्हणालो, जे झालं ते लिहितो. "म्हणजे माझंच काम," ते म्हणाले. "दिसलं ते लिहायचं, वाटलं ते गिळायचं. फरक एवढाच, की तुमच्याशी माणसं बोलतात. माझ्याशी माल बोलतो. माल खोटं बोलत नाही." खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या लिफ्टचा पंचनामा करायला त्यांनी मला पंच म्हणून नेलं. पुढे ती माझी कायमची नेमणूक झाली.

त्यांच्या तपासणीचा सगळ्यात जास्त त्रास रेश्माला होई. रेश्मा मूळची उरणची, कोळ्यांची. लग्नानंतर विचुंब्याला राहायला आली. रिक्षातून मासळीचा टब घेऊन ती कॉलनीत फिरे. काका प्रत्येक पापलेटाचे कल्ले उघडून पाहत, डोळा दाबून पाहत, पोटावर टिचकी मारून पाहत.

"काका, म्हावरं घेताय का त्याला दवाखान्यात भरती करताय?" ती विचारी.

"मेलेल्याला भरती करत नाहीत. मेलं कधी, एवढंच बघतोय."

"तुमच्या अगोदर मेलंय, पुरं झालं ना?"

असं रोज चाले. त्यामुळे एका सकाळी रेश्मा दारात आली आणि भांडलीच नाही, तेव्हा मी वरच्या जिन्यातून खाली आलो. टब तिने बाहेर न ठेवता आत, थेट स्वयंपाकघरात नेला. वरचा सुक्या बोंबलाचा थर बाजूला केला, खालचं प्लास्टिक काढलं. त्याखाली हिरवट रंगाचं जाड बुलेटप्रूफ जाकीट होतं.

"आज म्हावरं नाय आनलं," ती म्हणाली. "ह्ये नामदेवचं हाय. रोज माज्या पापलेटाचं कल्लं उघरून बगता. आज माज्या नवऱ्याच्या छातीवरचं बगा."

नामदेव तिचा नवरा. एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या व्हॅनवर तो गार्ड होता. व्हॅन थांबली की बंदूक घेऊन पहिला तो उतरत असे. त्याच्या एजन्सीने व्हॅनवरच्या गार्डांसाठी जुनी लष्करी जाकिटं विकत घेतली होती. परदेशी सैन्याने वापरून टाकलेला माल बंदरातून आला आणि उरण रस्त्यावरच्या एका यार्डात विकला गेला, असं सांगण्यात आलं होतं. जाकीट घरी न्यायला गार्डांना मनाई होती. नेलं तर नोकरी जाणार. म्हणून ते त्याच्या सुट्टीच्या दिवशी बोंबलाखालून आलं होतं.

"त्यो म्हनतो, मालकाला इचारलं तर व्हॅनवरून काढून कुठल्या तरी गेटवर उभा करतील," रेश्मा म्हणाली. "आनि नाय इचारलं तर मी रोज घरी बसून देवाला इचारते. त्यापेक्षा तुमाला इचारलेलं बरं."

काकांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. मी समोर बसलो. त्यांनी आधी बाहेरचं कापड पाहिलं. शिवणी ओढल्या. घामाचे डाग कुठे आहेत ते पाहिलं. "कोणीतरी घातलंय. भरपूर घातलंय," म्हणाले. आतला कापडी थर वाकवून घड्या पाहिल्या, वास घेतला. वास बोंबलाचा होता, तो त्यांनी हिशेबातून वगळला. आतल्या पट्टीवर शिक्का होता, पण अक्षरं धुऊन गेली होती. मग पुढच्या खिशातून त्यांनी प्लेट काढली. चौकोनी, काळ्या कापडात शिवलेली, जाडजूड. गोळी खरं तर हीच अडवते. ती चिनीमातीसारख्या भाजलेल्या पदार्थाची असते आणि तिला आत तडा असेल तर ती निरुपयोगी असते, हे त्यांनी रेश्माला समजावून सांगितलं.

"मंग वाजवा की," रेश्मा म्हणाली.

काकांनी वाजवली. मधोमध, चारही कोपऱ्यांवर, मग कडांवर. प्रत्येक ठिकाणी ती मंदिरातल्या लहान घंटेसारखी वाजली. त्यांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"वजनाला हलकी आहे," ते म्हणाले. "आणि सपाट आहे. अलीकडे छातीच्या आकाराची वाकडी करतात. पण आवाज चोख आहे."

तरीही त्यांनी घाई केली नाही. जुन्या पनवेलमध्ये ओळखीच्या एक्स-रे केंद्रात ते प्लेट घेऊन गेले. तिथल्या तंत्रज्ञाने विचारलं, "पेशंट कुठाय?"

"हा."

"कुठला भाग काढायचा?"

"छाती."

पाकिटावर नामदेवचं नाव आणि वय पडलं. फिल्ममध्ये तडा नव्हता. सगळीकडे बारीक, सारखे चौकोन दिसत होते. काकांनी ती खिडकीच्या काचेवर धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. काही भारी प्लेटा लहान लहान तुकडे जोडून करतात, असं त्यांनी वाचलं होतं. एक तुकडा फुटला तरी बाकीचे शाबूत राहतात. "हलकी का आहे ते आता कळलं," म्हणाले. "नवीन तंत्र आहे." संध्याकाळी रेश्मा आली तेव्हा त्यांनी प्लेट परत खिशात सरकवली, जाकिटावर थाप मारली आणि शेरा दिला: "माल ठीक."

रेश्माने त्या आठवड्यात त्यांना पापलेट न तपासता घ्यायची सवलत दिली. त्यांनी ती नाकारली.

एक्स-रेची फिल्म त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटपट्टीने लावली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. तिथे ती दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी काकू पोळ्या लाटत होत्या, काका पाहुण्याला चौकोनांचं तंत्र समजावत होते आणि मी चहा घेत होतो. काकू लाटणं न थांबवता म्हणाल्या, "गॅलरीची लादी बदलली तेव्हा दोन उरल्यात. पलंगाखाली आहेत. एक उलटी करून बघा."

काका पलंगाखाली शिरले. बाहेर आले तेव्हा हातात लादी होती. ती त्यांनी पालथी करून फिल्मशेजारी धरली. सिमेंट पकडावं म्हणून लादीच्या पाठीवर चौकोनांची जाळी असते. फिल्ममधली जाळी आणि ती जाळी सारखी होती. काकांनी लादी वाजवली. ती मंदिरातल्या लहान घंटेसारखी वाजली.

पाहुणे हसायला लागले. काका हसले नाहीत. त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली आणि मला म्हणाले, "चला."

विचुंब्याला पोचलो तेव्हा नामदेव कामावर गेला होता. रेश्मा दारात मासळी धूत होती. काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं, की ती प्लेट नाही, फरशी आहे.

"तुमीच बोल्लात, माल ठीक."

"बोललो होतो. चुकलो."

रेश्माने हात पाण्यातून काढले नाहीत. "माजं म्हावरं खराब निघालं तर मी बदलून देते, काका," ती म्हणाली. "तुमी काय बदलून देनार?"

नामदेव सुखरूप घरी आल्याचा फोन येईपर्यंत काकांनी त्या दिवशी काही खाल्लं नाही, असं काकूंनी सांगितलं.

नामदेव काकांना भेटायला आला तो रविवारी. उंच, कमी बोलणारा माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं. फरशीची गोष्ट त्याने मालकाला सांगितली तर जाकीट बाहेर नेल्याचं कबूल करावं लागणार. नोकरी जाणार. नाही सांगितली, तर रोज फरशी बांधून उतरावं लागणार. "आता म्हाईत झालंय ना, म्हनून छातीत गार लागतं," तो म्हणाला. "आदी लागत नव्हतं." नामदेवचं नाव न घेता जाकिटं बदलून घेईन, असं काकांनी त्याला सांगितलं. कसं, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एजन्सीच्या कार्यालयात गेलो. मालकांना सगळे शेठ म्हणत. जमिनीच्या व्यवहारातून ते या धंद्यात आले होते. कार्यालय नुकतंच नवं केलं होतं, फरशीवर स्वतःचा चेहरा दिसत होता. भिंतीवर बुलेटप्रूफ जाकीट घातलेल्या शेठचा मोठा फोटो होता. काकांनी आपली ओळख दिली आणि जाकिटं फुकट तपासून देतो म्हणाले.

"कशाला काका? पेपर आहेत ना," शेठ म्हणाले. "सर्टिफिकेट आहे. इंग्लिशमध्ये आहे."

"सर्टिफिकेट गोळी अडवत नाही."

"जाकीट पण नाय अडवत," शेठ हसले. "काका, या लाइनीत जाकीट दिसायला लागतं. लांबून दिसलं की समोरचा म्हणतो, जाऊ दे, याच्यावर गोळी वाया जाईल. काम झालं."

"आणि ज्याला लांबून दिसलं नाही तो?"

"त्याला चष्मा लागलेला असतो. त्याचा नेम कुठून लागणार?"

जिन्यात काका मला म्हणाले, "हा माणूस मूर्ख नाही. तपासलं की कळतं, कळलं की बदलावं लागतं. म्हणून तपासत नाही." मग म्हणाले, "पण माझ्या वयाचा मान ठेवणारा आहे. खुर्ची दिली त्याने."

त्यानंतरच्या आठवड्यात काका दोनदा त्या कार्यालयात जाऊन चहा पिऊन आले. जाकिटांचा विषय काढला नाही. शेठना त्यांनी बंदरातल्या गोष्टी सांगितल्या. शेठनी त्यांना खंडेनवमीच्या पूजेचं आमंत्रण दिलं आणि वडीलधारे म्हणून नारळ तुम्हीच फोडा, असा आग्रह केला. हा आग्रह शेठनी आपणहून केला की त्यांच्याकडून करवून घेतला गेला, हे मला कळू शकलं नाही. कॉलनीच्या नाक्यावरच्या नारळवाल्याने मात्र नंतर सांगितलं, की त्या सकाळी काकांनी त्याच्या गाड्यावरचे सगळे नारळ वाजवले आणि सगळ्यात जाड कवटीचा मागितला. "काका, हा फुटायला त्रास देईल," असं तो म्हणाला होता. "तोच दे," असं काका म्हणाले होते.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. एजन्सीत बंदुका, काठ्या, शिट्ट्या आणि व्हॅनच्या किल्ल्या पाटांवर मांडल्या होत्या. जाकिटं एका ओळीत होती. मधल्या उंच पाटावर फोटोतलं, खुद्द शेठचं जाकीट होतं, त्याला झेंडूचा हार. ते गार्डांच्या जाकिटांबरोबर एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून घेतलेलं होतं, हे काकांनी चहा पिता पिता विचारून ठेवलं होतं. एका लॉटमधला एक नमुना खराब निघाला तर दुसरा काढून पाहायचा, हा बंदरातला नियम त्यांनी मला वाटेत सांगितला. नामदेवच्या जाकिटाला मी हात लावणार नाही, असंही म्हणाले.

ज्या बँकेचे पैसे व्हॅनमधून जात त्या बँकेच्या अधिकारी बाई पाहुण्या होत्या. आरती झाली. काका नारळ घेऊन उभे राहिले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि फरशीकडे वाकले.

"फरशीवर नको काका," शेठ घाईने म्हणाले. "नवीन आहे. तडा जाईल."

"खरंय," काका म्हणाले. "मग या जाकिटावर फोडू? गोळी अडवतं म्हणता. नारळाने काय होणार?"

बँकेच्या बाई हसल्या. गार्ड हसले. शेठही हसले आणि हात पुढे करून म्हणाले, "फोडा."

काकांनी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि हाराच्या बरोबर मधोमध हाणला. आवाज कोणाच्या अपेक्षेसारखा आला नाही. ताट पडल्यासारखा आला. नारळ उडून व्हॅनच्या किल्ल्यांपर्यंत गेला. तो शाबूत होता.

"अरे, जाकिटाला लागलं का बघू," काका म्हणाले आणि त्यांनी खिसा उघडला. काळ्या कापडाची शिवण सुटली होती. त्यातून तुकडे ताम्हनात पडले. एका बाजूने गुळगुळीत, बदामी रंगाचे, त्यावर तपकिरी रेघांची नक्षी. दुसऱ्या बाजूने चौकोनी जाळी.

बाईंनी एक तुकडा उचलून उलटसुलट केला. "ही लादी आहे," त्या म्हणाल्या.

मागच्या निवडणुकीत हे जाकीट घालून शेठनी गावागावात सभा घेतल्या होत्या, असं एक गार्ड हळूच दुसऱ्याला म्हणाला. शेठचा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला.

"सगळ्यांत हेच आहे का?" बाईंनी विचारलं.

सगळी जाकिटं तिथल्या तिथे उघडण्यात आली. पुढच्या खिशात प्रत्येकात तीच लादी होती, एकाच नक्षीची. मागच्या खिशात पुठ्ठा होता. शेठ स्वतः एकेक जाकीट उचलून पाहत होते. नामदेवचं उचललं आणि थांबले. ते त्यांनी नाकाशी नेलं.

"याला बोंबलाचा वास कसा?"

काका म्हणाले, "माल बंदरातून आलाय, शेठ. येणारच."

"मग बाकीच्यांना का नाय?" शेठ नामदेवकडे वळले. "जाकीट घरी नेलं होतंस?"

नामदेव सावधान उभा होता. "कोली हाय मी, शेठ," तो म्हणाला. "माज्या अंगालाच वास हाय. बोंबलाला तुमी नावं ठेवताय का मला?"

बँकेच्या बाई शेठकडे पाहत होत्या. शेठनी जाकीट खाली ठेवलं आणि म्हणाले, "तसं नाय रे बाबा."

बाईंनी निघताना दोन गोष्टी सांगितल्या. जाकिटं बदलेपर्यंत व्हॅन निघणार नाही. आणि बदललेली जाकिटं तपासून घेतल्याशिवाय बँक मान्य करणार नाही. शेठनी त्याच संध्याकाळी काकांना फोन केला. काकांनी दोन अटी घातल्या. माल निवडायला काकू बरोबर येतील. आणि निवडलेल्यातलं एक जाकीट घालून पहिल्या दिवशी व्हॅनवर पुढे शेठ स्वतः बसतील.

"मी कशाला?"

"सर्टिफिकेट म्हणून," काका म्हणाले. "मराठीत."

दुसरी अट काकांनी बँकेच्या बाईंनाही कळवून ठेवली. शेठ कबूल झाले.

जुन्या यार्डवाल्याने फोन उचलणं बंद केलं होतं. माल कळंबोलीतल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे मिळाला. शेठ स्वतः आम्हाला तिथे घेऊन गेले. गोदामात जाकिटांचा ढीग होता. व्यापाऱ्याने सगळ्यात वरचं उचललं. त्याला छातीवर भोक होतं.

"साहेब, हा पीस घ्या. एकदम टेस्टेड. गोळी लागलीय, बघा."

"बघितलं," काका म्हणाले. "घालणाऱ्याला बोलवा. त्याला विचारतो कसं काय वाटलं."

काकांनी शिक्के वाचता येतील तेवढीच जाकिटं बाजूला काढली. ज्यांच्या कापडी थराला पाण्याचा डाग होता ती परत फेकली. प्लेटा त्यांनी वाजवल्या, पण या वेळी वाजवल्यानंतर कोणताही शेरा दिला नाही. एका प्लेटचं कापड फाडायला लावलं. व्यापारी ओरडला, शेठनी त्याला गप्प केलं. आतली वस्तू राखाडी, खरखरीत आणि किंचित वाकडी होती. बाकीच्या त्यांनी तिच्याशी ताडून पाहिल्या, वजनाने आणि जाडीने. मग प्रत्येक प्लेट काकूंकडे गेली. काकू कापडाची शिवण थोडी उसवून कड पाहत आणि एकच प्रश्न विचारत: "ही माझ्या ओट्याला शोभेल का?" दोन प्लेटा शोभण्यासारख्या निघाल्या. त्या काढून टाकल्या.

गोळी घालून एक प्लेट तपासावी, असा काकांचा विचार होता. तसा अर्ज त्यांनी पोलीस ठाण्यात दिला. उत्तर आलं नाही.

निवडलेली जाकिटं शेठकडे पोचवण्याआधी काकांनी ती आठवडाभर घरी ठेवली. रोज सकाळी त्यातलं एक घालून ते दूध आणायला जात. ओझं किती होतं, वाकता येतं का, जिना चढताना दम लागतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कॉलनीत तिसऱ्या दिवशी बातमी पसरली, की सर्व्हेअरकाकांना धमकी आली आहे. सोसायटीच्या चेअरमननी मला बाजूला घेऊन विचारलं, कोणाकडून? मी सांगितलं, मला माहीत नाही. चेअरमननी मागची दोन वर्षं अडकलेलं काकांच्या गळक्या पाइपचं काम त्याच आठवड्यात करून दिलं.

रेश्मानेही त्यांना दुधाच्या रांगेत तशा अवतारात पाहिलं.

"काय वो काका, कुनाशी लराई?"

"तुझ्या नवऱ्याचं आहे. घालून बघतोय."

तिने जवळ येऊन जाकिटाच्या छातीवर पेराने दोनदा वाजवलं आणि कान लावला.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

"मला काय कलतंय?" ती म्हणाली. "तुमाला तरी कुठं कललं होतं?"

व्हॅन पुन्हा सुरू झाली त्या सोमवारी सकाळी मी एजन्सीच्या दारात होतो. काकाही होते. शेठ सफारीवर जाकीट घालून आले. पट्टे त्यांना पुरत नव्हते, नामदेवने ते ओढून बसवले. त्या व्हॅनसाठी ठरलेलं जाकीट एकच होतं आणि ते शेठच्या अंगावर होतं, म्हणून नामदेव त्या दिवशी आत पेटीजवळ बसला. शेठ पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. खिडकीची काच त्यांनी वर करून घेतली. बँकेच्या बाईंनी दुसऱ्या गाडीतून पहिल्या एटीएमपर्यंत सोबत केली.

ड्रायव्हरने नंतर जे सांगितलं ते असं. पहिल्या तीन ठिकाणी शेठ व्हॅनमधून उतरले नाहीत. चौथ्या ठिकाणी बाजूने गेलेल्या एका मोटरसायकलचा फटाक्यासारखा आवाज झाला, तेव्हा शेठ सीटवरून खाली बसले आणि नामदेवला म्हणाले, "तू रोज इथे पहिला उतरतोस?" नामदेव म्हणाला, "हा." शेठनी पुढच्या ठिकाणी उतरून बघायचं ठरवलं. उतरले. एटीएमच्या दारात पैसे भरून होईपर्यंत उभे राहिले. रस्त्यावरच्या एका ओळखीच्याने फोटो काढू का विचारलं, त्याला नको म्हणाले.

व्हॅन दुपारी परत आली. शेठ जाकीट न काढता घरी गेले. संध्याकाळी एका बारशाला ते जाकीट घालूनच गेले होते, असं तिथे हजर असलेल्या दोघांनी सांगितलं.

रात्री काकांनी विचुंब्याला फोन केला. जाकीट अजून मिळालं नव्हतं. त्यांनी शेठना फोन केला. तो उचलला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेव कामावर निघण्याआधी शेठच्या ड्रायव्हरने घरी येऊन जाकीट त्याच्या हातात दिलं, असं रेश्माने सांगितलं. त्याला अत्तराचा वास येत होता. प्लेट आत होती. ती तिने स्वतः काढून पाहिली.